केस वाळवायची जागा

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. एकदाचं मिळालं असं म्हण. ते आधी बंदरावर गेलं, कारण तुला वाटत होतं मी अजून तिथे बोटींना रंग देतोय. तिथून कुणीतरी ते वीटभट्टीवर धाडलं, तिथून मी कधीच निघालो होतो, आणि शेवटी एका ट्रक ड्रायव्हरने ते शर्टाच्या खिशात घालून इथवर आणलं. पाकिटाला डिझेलचा वास येतोय, एका कोपऱ्यावर चहा सांडलाय, पण आतलं तुझं अक्षर शाबूत आहे. 'भिंगऱ्या, जिवंत असलास तर दोन ओळी खरड.' ताई, दोन ओळींत मला कधी काय जमलंय? शाळेत गायीवर निबंध लिहायला सांगितला की मी सुरुवातीलाच नदीवर आणि शेवटाला मामाच्या सायकलवर पोचायचो, आणि तू हसून हसून माझी वही ओली करायचीस. तेव्हा हातातलं काम ठेव, चहा कर, बूड टेकून वाच. पहिल्यांदा एकटीच वाच. भाऊजींना नंतर दे, नाहीतर ते मध्येच चष्मा काढून पुसत बसतील.

तर मी एका छावणीत आहे. दचकू नकोस, सैन्यात नाही गेलो, मला कोण घेतंय! लढाईमुळे घरदार सुटलेल्या माणसांची ही छावणी. मी आलो तो बांबू उतरवायला. ट्रकवाल्याला हमाल हवा होता आणि मला पुढच्या शहरापर्यंत फुकटात जायचं होतं. बांबू उतरवून होईपर्यंत ट्रकवाला माझी वाट बघून निघून गेला, किंवा न बघताच गेला. मी आपला रस्त्याच्या कडेला उभा. तेवढ्यात इथले मिस्त्री आले, म्हातारे आहेत, कानावर कायम पेन्सिल, आणि म्हणाले, 'हातोडी धरता येते का?' मी म्हटलं, येते. धरता येतेच की. मारता येते का, ते त्यांनी विचारलं नव्हतं. आता मारताही येते, डाव्या अंगठ्याचं नख तेवढं परत यायचंय.

लांबून बघितलं तर नुसते तंबूच तंबू, सगळे सारखे. आत शिरलं की मात्र आपल्या गल्लीसारखं सगळं. बोळ आहेत, कोपरे आहेत, शेजारणींची भांडणं आहेत. एकाने तेलाच्या डब्यात कांदे लावलेत आणि रोज सकाळी त्यांच्याशी बोलतो. एका म्हाताऱ्याने तंबूच्या चेनला कुलूप घातलंय. तंबू कापडाचा आहे हे त्याला मान्यच नाही. मी म्हटलं, 'बाबा, कुणी ब्लेडने कापलं तर?' तर म्हणाला, 'कापणारा चोर. पण दार लावलं नाही असं मला कुणी म्हणायला नको.'

माझं पहिलं काम कड्यांचं. बायकांच्या संडासांना नवीन दारं आली होती आणि ती बनवणाऱ्या शहाण्याने कड्या बाहेरून लावल्या होत्या. म्हणजे आत गेलेल्या बाईने एका हाताने दार धरायचं आणि बाकीचं सगळं दुसऱ्या हाताने उरकायचं. मी म्हटलं, त्यात काय एवढं? मिस्त्री म्हणाले, 'जा, बघ एकदा आत जाऊन.' गेलो. दार सांभाळू, पाण्याचा डबा सांभाळू की विजार सांभाळू! बाहेर आलो तो घामाने भिजून, आणि सगळ्या कड्या उचकटून आतून बसवल्या. प्रत्येक कडीशेजारी एकेक खिळाही ठोकला, पिशवी टांगायला. खिळ्याचं कुणी सांगितलं नव्हतं, पण आत जाऊन आलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी एक आजी कामाच्या शेडपाशी आल्या, माझ्याकडे न बघता मूठभर शेंगदाणे फळीवर ठेवले आणि मिस्त्रींना म्हणाल्या, 'खिळा ज्याने ठोकला त्याला द्या.' शेडमध्ये आम्ही दोघंच होतो.

त्या चिमणीच्या आजी. चिमणी म्हणजे शेडसमोरच्या तंबूतली पोरगी, वय तुझ्या ठमीएवढं, तोंड ठमीच्या दुप्पट. आईबाप कुठे आहेत हे इथे कुणी कुणाला विचारत नाही, मीही विचारलं नाही. शाळेच्या तंबूकडे जाताना ती दप्तर पाठीला न लावता पोटावर लावते. चालता चालता वाचता येतं म्हणे. आणि वाचता वाचता तंबूच्या दोरीला अडखळून रोज पडते. उठली की मला बघून एक गणित घालायची. 'काका, एका तंबूला आठ दोऱ्या आणि प्रत्येक दोरीवर दोन पोरं पडली, तर बोळात किती पोरं पडली?' मी म्हणायचो, 'मला नको विचारू बाई, माझी गणितं माझी ताई करायची.' 'मग ताईला बोलवा!' आणि मागून आजींचा आवाज, 'कार्टे, शाळा काय तुझी वाट बघत थांबलीय?' सकाळ उगवली की हा कार्यक्रम ठरलेला. मला बोअर झालं असतं तर केव्हाच पुढच्या ट्रकवर बसलो असतो, तू ओळखतेस मला. त्या पोरीच्या गणितांपायीच थोडा थांबलो असेन.

एक गोष्ट मात्र मला कळायची नाही. इथे ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नाही, तरी काही तंबूंपुढची ब्लँकेटं सदा दोरीवर आणि सदा ओलसर. मला आपल्या गॅलरीतली दोरी आठवली. माझा शाळेचा पांढरा शर्ट आठवतो तुला? सगळ्या पोरांचे शर्ट कडकडीत वाळायचे आणि माझा काखेपासून पोटापर्यंत गार. मी शिंकत शिंकत शाळेत जायचो. आई म्हणायची, हा मुलगाच ओल धरतो. तू चकार शब्द बोलायची नाहीस, नुसती इस्त्री गरम करायचीस आणि माझ्या शर्टावर फिरवत राहायचीस. असो. कुठे चाललो मी.

एके दिवशी कुणी मोठे पाहुणे छावणी बघायला यायचे होते. इथे कोठीवाले म्हणून एक गृहस्थ आहेत. धान्य, ब्लँकेटं, पत्रे, साबण, सगळ्याच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. ते येण्याआधी त्यांचा आवाज येतो. ते म्हणाले, दोऱ्यांवरचं सगळं उतरवा, रस्ता स्वच्छ दिसला पाहिजे. झालं, एका बाजूने मिस्त्री, दुसऱ्या बाजूने मी. चिमणीच्या तंबूपुढचं ब्लँकेट मी ओढलं आणि शहाण्या मुलासारखं दोन्ही हातांनी झटकलं. आतून कापडाच्या घड्या रस्त्यावर पडल्या. ओल्या, धुतलेल्या, पण डाग न गेलेल्या. समोर नळ, नळावर पाण्याची रांग. पुरुष आकाशाकडे बघायला लागले, कुणीतरी फिसकन हसलं. मी खुळ्यासारखा वाकून त्या घड्या गोळा करायला लागलो, आणि नेमकी चिमणी शाळेतून परत येत होती. तेवढ्यात आजी पळी घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या पाठीत घातली. 'हात लावू नकोस! मेल्या, हात नको लावूस त्याला!' पळी लागली नाही गं एवढी. पण चिमणीने पोटावरचं दप्तर काढलं, तोंडासमोर धरलं आणि तशीच चालत आत गेली. एकदाही अडखळली नाही. ते लागलं.

त्यानंतर ती बाहेर येईना. गणित नाही, पडणं नाही, शाळा नाही. मिस्त्री म्हणाले, 'तू जाऊन माफी वगैरे मागू नकोस, आणखी लाजवशील.' मी आपला शेडमध्ये बसून दिसेल त्या फळीला रंधा मारत सुटलो. फळ्या कागदासारख्या पातळ झाल्या, त्याबद्दल बोलणी खाल्ली ती वेगळीच. मग आजी तिला दवाखान्याच्या तंबूत घेऊन गेल्या. काय झालं ते मला कोण सांगणार? पण नर्सबाईंच्या स्टुलाचा पाय निखळला होता, मी खाली पडून तो ठोकत होतो, आणि ऑफिसातल्या मॅडम तिथे आल्या होत्या. स्टुलाखालचा माणूस म्हणजे नसल्यातच जमा. नर्सबाई म्हणाल्या, कापडं ब्लँकेटखाली लपवून वाळत घालतात, ती वाळतच नाहीत, ओलीच पुन्हा वापरतात. मग खाज, आग, जखमा. ही पोरगी एकटी नाही, रोज कुणीतरी येतं, तेही असह्य झाल्यावर. मॅडम म्हणाल्या, पण आपण पॅडची पाकिटं देतो ना? नर्सबाई म्हणाल्या, ट्रक आला तर पाकिटं, आणि वापरून झाल्यावर टाकायची कुठे? कुत्री ओढत आणतात बोळात. त्यापेक्षा बायकांना आपलं कापड बरं वाटतं, आणि कापड वाईट नाहीच, त्याला फक्त साबण आणि ऊन हवं. 'एवढं ऊन पडलंय बाहेर,' नर्सबाई म्हणाल्या, 'आणि ह्यांच्या हातभर कापडाला तेवढं मिळू नये!' ताई, स्टुलाखाली पडल्या पडल्या मला पुन्हा माझा तो शर्ट आठवला. हातातला खिळा हातातच राहिला. त्याचं पुढे सांगतो.

मॅडमविषयी सांगायचं राहिलं. वयाने माझ्याएवढ्याच असतील, उन्हात फिरून नाक सोललेलं, आणि कुणी काही मागितलं की 'बघते' म्हणून खरंच बघणाऱ्या. त्यांनी कोठीवाल्यांशी भांडून पत्रे मिळवले आणि आम्हाला सांगितलं, बायकांसाठी एक जागा बांधा. ताई, मी आयुष्यात इतकं मन लावून काही बांधलं नाही. चारी बाजूंनी डोक्याच्या वरपर्यंत पत्रा, वर उघडं आकाश. आत धुवायला सिमेंटचा कट्टा, पाणी आडोशाने वाहून जायला नाली, कोपऱ्यात झाकणाचा मोठा डबा, त्यातली पॅडं रोज जाळायची सोय. तारा मीच ताणल्या, बोटाने छेडलं तर सूर निघेल अशा. दाराला कडी, अर्थातच आतून. आणि मॅडमनी स्वतः ब्रश घेऊन एक लांबरुंद पाटी रंगवली, 'मासिक पाळीचे कपडे धुण्याची व वाळवण्याची जागा, फक्त महिलांसाठी'. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शेजारी एक भलामोठा लाल थेंब काढला. पाटी दारावर, दार नळासमोर. पाणी जवळ पडावं म्हणून ते दार आम्हीच तिकडे काढलं होतं आणि स्वतःच्या अकलेवर खूश होतो. मॅडम म्हणाल्या, 'यात लाजण्यासारखं काय आहे? उघड बोललं पाहिजे.' म्हणणं काही खोटं नाही.

पण कुणी आलं नाही. पहिल्या दिवशी नाही, नंतरही नाही. एक मांजर तेवढी आत गेली आणि बाळंत झाली. दोऱ्यांवर पुन्हा ब्लँकेटं आली, चिमणीच्या तंबूपुढेही, आणि मी आता त्या ब्लँकेटांकडे बघत नव्हतो, पण पोटाशी फुगलेली असतात हे न बघताही दिसायचं. कोठीवाले रोज येऊन पत्र्यावर टकटक करायचे. 'पुढचा धान्याचा ट्रक आला की हे पत्रे गोदामाला. मी काय मांजरीचं बाळंतपण करायला दिलेत?' मॅडमनी कशीबशी ट्रक येईपर्यंतची मुदत घेतली. माझ्या जिवाला घोर लागला. मी आजींनाच विचारलं, पळीच्या टप्प्याबाहेर उभं राहून, 'आजी, जागा आवडली नाही का?' आजी म्हणाल्या, 'तू आपले खिळे ठोक.' बोलणं संपलं. ट्रक कधीही येणार होता, आणि ती पोरगी तंबूत ओल्या कापडात बसून होती.

मग पार्लरवाली आली. ही इथलीच, छावणीतली. गावी तिचं दुकान होतं. पळायची वेळ आली तेव्हा घरचे म्हणाले दागिने घे, आणि हिने कात्री, कंगवे, आरसा आणि गिऱ्हाइकाची खुर्ची उचलली. आता त्या खुर्चीची बैठक मोडली म्हणून ती डोक्यावर घेऊन शेडमध्ये हजर. खुर्ची ठेवता ठेवता म्हणाली, 'ते समोरचं तू बांधलंस का रे?' मी म्हटलं, हो. 'चांगलं बांधलंस हो. माझं दुकानसुद्धा इतकं पक्कं नव्हतं.' मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, 'मग कुणी येत का नाही?' ताई, ती इतकी हसली, इतकी हसली, की मोडक्या खुर्चीत बसायला गेली आणि आरपार खाली गेली. तिला वर ओढून काढलं. म्हणाली, 'अरे बाबा, त्या थेंबाखालून आत जायचं म्हणजे नळावरच्या सगळ्या सासऱ्यांना, दिरांना आणि टवाळ पोरांना सांगून जायचं की मंडळी, आज आमची पाळी हं. त्यापेक्षा मी दवंडी पिटते की!' मी म्हटलं, 'पण आत पत्रा आहे ना, कुणाला काही दिसत नाही.' ती म्हणाली, 'आतलं नाही दिसत. जाताना तर दिसतं? आत जायला काहीतरी दुसरं कारण दे आम्हाला. पाटी काढ, आणि ही खुर्ची नीट करून आत ठेव. बायका डोकं धुतील, उन्हात केस वाळवत बसतील, मी विंचरून देईन. पिशवीत टॉवेल असेल, कंगवा असेल, आणखी काय असेल ते कोण बघायला येतंय? सगळ्याच येतील. पाळीच्या, बिनपाळीच्या, पाळी गेलेल्यासुद्धा.'

पाटी मी लगेच काढली. फळी चांगली होती, जाड, ती कापून त्याच खुर्चीला बैठक केली, रंगाची बाजू खाली घालून. खुर्ची आत, आरसा पत्र्याला, मांजर आणि पिल्लं शेडमध्ये. मॅडम तणतणत आल्या. 'पाटी कुठाय?' पार्लरवाली म्हणाली, 'या ना मॅडम, बसा, पाटीवरच बसा.' मॅडम चिडल्या होत्या. 'लपवून लपवून तर ही वेळ आलीय सगळ्यांवर. आणि तुम्ही पुन्हा लपवायलाच शिकवताय?' पार्लरवाली म्हणाली, 'बोला की तुम्ही, मी कुठे नको म्हणते? दार लावून पोटभर बोलू. पण बाई आत तर आली पाहिजे ना, बोलायला!' मॅडम त्या खुर्चीत बसल्या. मग डोक्यावरचा रुमाल सोडला आणि म्हणाल्या, 'टोकं तेवढी कापा. फार नको.' पहिलं गिऱ्हाईक त्याच. हे मला कसं कळलं विचारू नकोस. पत्र्याला कान लावावा लागत नाही, पत्रा स्वतःच सगळं सांगतो.

मग ताई, काय गर्दी! टॉवेल खांद्यावर टाकून, तेलाच्या बाटल्या घेऊन, पोरींना बखोटीला धरून बायका यायला लागल्या. आतून हसण्याचे आवाज, कपडे आपटल्याचे आवाज, एखादीचं रडणं, मग पुन्हा हसणं. नर्सबाईही आता तिथेच केस वाळवायला येतात आणि वाळवता वाळवता पोरींना काय सांगायचं ते सांगून जातात. आम्हा पुरुषांना अर्थात बंदी. गर्दी बघून मॅडमनी आतही एक नळ घेऊन दिला, तो एकदा गळायला लागला तर मिस्त्री बाहेर उभे राहून खोकताहेत, 'येऊ का? येऊ का?' आणि आतून कुणीतरी, 'थांबा, अजून अर्धं डोकं राहिलंय!' शेवटी त्यांनी पाना पत्र्यावरून आत दिला आणि नळ बायकांनीच आवळला. तेव्हापासून मिस्त्रींचा तो पाना परत आलेला नाही.

आणि मग धान्याचा ट्रक आला. कोठीवाले किल्ल्या वाजवत, दोन हमाल घेऊन पत्रे काढायला हजर. मी शेडमधून धावत आलो. दारात चिमणीच्या आजी बसल्या होत्या, एवढेसे पांढरे केस मोकळे सोडून, मांडीवर पळी. कोठीवाले म्हणाले, 'आजी, उठा, पत्रे न्यायचेत.' आजी म्हणाल्या, 'ने की. आत बायका बसल्यात. विचार त्यांना आणि ने.' कोठीवाले जरा घुटमळले आणि दारातूनच ओरडले, 'कोण आहे आत?' आतून आवाज आला, 'मी आहे. पत्रे न्यायला आलात की मला? माझे केस वाळायचेत अजून.' त्यांच्या सौभाग्यवती! ऑफिसमागच्या खोल्यांत राहतात, तिथेही दोरी एकच, आणि ती ऑफिससमोर. कोठीवाल्यांनी किल्ल्या मुठीत धरल्या, वाजू नयेत म्हणून, आणि हमालांना हळूच म्हणाले, 'धान्य ताडपत्रीखाली लावा.' आजींनी मला बघितलं आणि पळी हलवली. मारायला नव्हे, नुसती हलवली.

चिमणी मात्र तोवर आली नव्हती. आजी रोज डोकं धुवायच्या, पण पोरगी तंबूतच. मग एका दुपारी, नळावर बऱ्यापैकी गर्दी असताना, ती बाहेर आली. डोक्याला टॉवेल, पोटावर दप्तर. दप्तरात पुस्तकं नसावीत. सरळ नळासमोरून चालत आत गेली, आणि एकानेही मान वर करून बघितलं नाही, कारण रोज इतक्या जातात, कोण कुणाला बघणार! जाताना तिचे केस कोरडे होते. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हाही कोरडेच होते. मी खिळे मोजत होतो. ती पुढे गेली, थांबली, आणि पाठमोरीच म्हणाली, 'काका, एका तारेवर बारा टॉवेल आणि अशा अकरा तारा, तर एकूण टॉवेल किती?' मी म्हटलं, 'मला नको विचारू.' 'माहितीय,' ती म्हणाली, 'ताईला बोलवा.' दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जाताना दोरीला अडखळून ती अशी काही पडली की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आता तुझं पत्र. भाऊजींचा गुडघा, गच्चीवर गळणारी टाकी, मी कबूल केलेली आणि कधीच न केलेली फळी, सगळं वाचलं. आणि मध्ये एक ओळ. 'ठमी हल्ली महिन्यातले काही दिवस पोट दुखतं म्हणून शाळा बुडवते, वर्गात मागे पडलीय, डोकं चालत नाही तिचं, माझ्यावरच गेलीय.' ती ओळ मी ट्रकपाशी उभा राहून वाचली, आणि मग पुन्हा, आणि अजून वाचतोय. तू नववीत शाळा सोडलीस तेव्हा सगळे हेच म्हणाले होते, डोकं चालत नाही हिचं, आणि तूही मान हलवलीस. माझी गणितं तेव्हा कोण करत होतं गं? दोन खोल्या, त्यात बाबा, मी, धाकटा, एक गॅलरी, एक दोरी, आणि दोरीवर माझा पांढरा शर्ट. शर्ट वाळला नाही त्याचं मला काही नाही ताई. त्याच्याखालचंही कधी वाळलं नाही, तेवढं मला इतक्या वर्षांनी, एका स्टुलाखाली पडल्यावर कळलं. मी तुला काही विचारत नाही, तूही काही सांगू नकोस. पण ठमीला तुझ्यावर जाऊ दे. गणितं करणाऱ्या तुझ्यावर. मी पुढच्या रिकाम्या ट्रकने येतोय. मिस्त्रींनी पत्र्याचे उरलेले तुकडे आणि तारेचं एक वेटोळं दिलंय, हात मिळवून नव्हे, पाठीत धपका घालून. तुझ्या गच्चीवर टाकीच्या मागे दुपारभर ऊन असतं, मला आठवतंय. तिथे मापासाठी कठड्यापासून टाकीपर्यंत एक सुतळी धर, दोन्हीकडे गाठ मार आणि ती सुतळी जपून ठेव. आकडा लिहून ठेवू नकोस, तो मी चुकवीन. फळी नंतर. भाऊजींनी विचारलं, शेजारणीने विचारलं, तर सांग, मामा ठमीला केस वाळवायला जागा करून देतोय. तुलाही. कडी आतून बसवीन, आणि कडीशेजारी एक खिळा.

तुझाच, ओल धरणारा,
भिंगऱ्या